मिसळणाच्या डब्यात काय असावे?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

आमच्या स्वयंपाकघरात पितळेचा एक मिसळणाचा डबा आहे. आजीच्या लग्नातला. आत सात वाट्या : मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट, मेथ्या आणि गोडा मसाला. मागे एकदा आईने मेथ्या काढून त्या वाटीत ओवा ठेवायचे ठरविले. भज्यांना ओवा, थालीपिठाला ओवा, कुणाचे पोट दुखले तरी ओवा, मग तो डब्यातच का नको, असे तिचे म्हणणे. आजी म्हणाली, "अगं, लागतो म्हणून का डब्यात घालायचा? लागायला पापडही लागतात. फोडणी तडतडत असताना मान वर न करता ज्याला हात घालावा लागतो, तेवढंच डब्यात. बाकीचं फडताळात. आणि एकदा हाताला सवय झाली की वाट्या हलवू नकोस, नाहीतर हिंगाच्या जागी हळद पडेल." आईने ओव्याची बरणी पुन्हा फडताळात ठेवली.

हा घरगुती वाद मी वार्षिकाच्या पानावर का आणतो आहे, असा प्रश्न वाचकांना पडेल. तर त्याचे कारण असे, की नेमका हाच वाद संगणकाच्या भाषा घडविणारी मंडळी गेली पन्नास वर्षे घालीत आहेत. कोणती वस्तू भाषेच्या डब्यात ठेवायची, कोणती फडताळात, आणि कोणती वाण्याकडून आणायची? वरवर पाहता हा शास्त्र शाखेचा प्रश्न. आपण कला शाखेची माणसे त्यात कशाला डोके घालतो? परंतु गेल्या वर्षी या प्रश्नाने माझी चारचौघांत चांगलीच फजिती केली, आणि तेव्हापासून तो माझ्या मानगुटीवर बसला आहे.

घडले ते असे. आमच्या विभागातल्या काही जणांनी आपापल्या घरच्या वृद्ध माणसांच्या तोंडचे जुने शब्द गोळा केले. शेतीचे, भांड्याकुंड्यांचे, आजारपणाचे. त्यांची एक छोटी पुस्तिका काढावयाची होती. शब्द वर्णानुक्रमाने लावण्याचे काम माझ्याकडे आले. मी ऐच्छिक विषय म्हणून पायथन नावाची संगणकभाषा नुकतीच शिकलो होतो. तेव्हा ऐटीत म्हणालो, "एका ओळीचं काम आहे, आत्ता देतो." पायथनमध्ये 'सॉर्टेड' नावाचे फंक्शन भाषेतच बसविलेले असते. त्याला यादी दिली की ती क्रमाने लावून परत मिळते. मला यादी मिळाली, ती छापखान्यात गेली, पुस्तिका निघाली. प्रकाशनाच्या दिवशी विभागातून निवृत्त झालेले एक सर आले होते. त्यांनी पुस्तिका उघडली, पाच मिनिटे चाळली आणि शांतपणे विचारले, "'कळशी' आधी आणि 'कसर' नंतर? हा कुठला कोश रे?"

वर्ग हसला. मला त्या क्षणी काहीच कळले नाही. नंतर कळले. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. पण संगणकात साऱ्या जगाच्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे, तिच्यात ळ ला ल च्या लगेच नंतरचा क्रमांक मिळाला आहे. 'सॉर्टेड' बिचारे वर्णमाला जाणत नाही. ते फक्त क्रमांक पाहते. त्यामुळे आमच्या साऱ्या पुस्तिकेत ळ ची अक्षरे आपल्या जागेवरून उठून भलतीकडे जाऊन बसली होती.

त्या रात्री मला राग आला तो त्या भाषेचा. नऊ कोटींच्या आसपास माणसे जी भाषा बोलतात तिचा साधा वर्णक्रम तुमच्या भाषेत बसविता येऊ नये? या रागाच्या भरात मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता माझे मत बदलले. ते कसे बदलले, हे सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम, ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रोग्राम लिहिताना काही छोटी छोटी कामे वारंवार करावी लागतात. यादीत किती वस्तू आहेत ते मोजणे, दोन संख्यांतली लहान निवडणे, वाक्यात अमुक शब्द आहे का ते पाहणे. अशा कामांसाठी जे तयार साधन असते त्याला फंक्शन म्हणतात. ही साधने तीन ठिकाणी ठेवलेली असतात. काही भाषेतच असतात. ती वापरायला काहीही मागवावे लागत नाही. त्यांना आपण अंगभूत म्हणू. हा झाला मिसळणाचा डबा. काही भाषेबरोबर मिळणाऱ्या लायब्ररीत असतात; 'अमुक काढ' असे सांगून ती घ्यावी लागतात. हे फडताळ. आणि बाकीची जगभरातल्या लोकांनी लिहून इंटरनेटवर ठेवलेली. ते वाण्याचे दुकान. पायथनच्या डब्यात सुमारे सत्तर अंगभूत फंक्शने आहेत, आणि तिच्या फडताळात मात्र शेकडो बरण्या आहेत.

आता माझ्यासारख्या रागावलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असा, की डब्यात सगळेच का घालू नये? संगणकाला जागेची काय कमतरता?

डबा अगदीच रिकामा ठेवला तर काय होते, ते आधी पाहू. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली निघाली. तिच्या डब्यात आणि फडताळात फार थोडे सामान होते. संख्येच्या डावीकडे शून्ये भरून ती ठराविक लांबीची करणे, म्हणजे हजेरीपटावर ७ चे ००७ करणे, एवढ्या साध्या कामाचेही साधन तिच्यात नव्हते. मग कुणीतरी अकरा ओळींचे 'लेफ्ट-पॅड' नावाचे फंक्शन लिहून सार्वजनिक दुकानात ठेवले. हजारो लोकांनी ते उचलले. अनेकांना तर आपण ते उचलल्याचेही ठाऊक नव्हते, कारण त्यांनी उचललेल्या वस्तूच्या आत ते दडलेले होते. मार्च २०१६ मध्ये एका नावावरून वाद होऊन त्या लेखकाने आपल्या साऱ्या वस्तू दुकानातून काढून घेतल्या. झाले! जगभर मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम बांधले जाईनात. दोनएक तासांत ती वस्तू दुकानात परत ठेवण्यात आली, पण व्हायची ती शोभा झालीच. ज्या घरात चिमूटभर मिठासाठीही दुकान गाठावे लागते, त्या घराची चूल वाण्याच्या मर्जीवर पेटते. पुढे २०१७ च्या आवृत्तीत हे साधन त्या भाषेने स्वतःकडे घेतले.

दुसरे उदाहरण पीएचपी या भाषेचे. हीही १९९५ सालचीच. वाक्यात अमुक शब्द आहे की नाही, एवढे विचारायला हिच्यात सरळ फंक्शन नव्हते. होते ते 'शब्द कितव्या स्थानावर आहे' हे सांगणारे. लोक तेच वापरीत. आता 'राम वनात गेला' या वाक्यात 'राम' कुठे आहे? अगदी सुरुवातीला. संगणक मोजणी शून्यापासून करतो, म्हणून उत्तर येते शून्य. आणि 'जर'च्या अटीत शून्याचा अर्थ ती भाषा 'नाही' असा घेते. म्हणजे राम पहिल्याच स्थानी उभा असताना प्रोग्राम बेधडक सांगतो, राम नाही! जाणती माणसे तीन बरोबरीची चिन्हे लिहून हा खड्डा चुकवीत. नवखी त्यात पडत. 'आहे का?' असे सरळ विचारणारे फंक्शन त्या भाषेत आले ते नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे तब्बल पंचवीस वर्षांनी.

येथे मला पहिले सूत्र सापडले. एखादे काम लहान आहे, कुणालाही दोन ओळींत लिहिता येते, हे ते बाहेर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट, जे काम प्रत्येक जण करतो आणि करताना एकाच ठिकाणी हमखास घसरतो, ते काम भाषेने आपल्या अंगावर घ्यावे. हजार माणसांनी हजार वेळा तीच चूक करण्यापेक्षा एका माणसाने एकदा नीट लिहिलेले बरे.

मग सगळेच डब्यात घाला, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर देण्यापूर्वी एक जुनी गोष्ट सांगतो. सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडविली. ती मोठी मितभाषी. वाचणे-लिहिणेसुद्धा भाषेत नाही, लायब्ररीत. त्या लायब्ररीत 'गेट्स' नावाचे एक फंक्शन होते. माणसाने टंकलेली ओळ वाचून ठेवायची, एवढेच त्याचे काम. पण ओळ किती लांब असू शकेल, हे विचारण्याची सोयच त्यात नव्हती. पेल्यात घागर ओतावी तसे ते ओतत राही. नोव्हेंबर १९८८ मध्ये जो 'मॉरिस वर्म' नावाचा किडा त्या वेळच्या इंटरनेटवर पसरला, त्याने आत शिरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक वाट याच फंक्शनमुळे उघडी राहिलेली होती. धोका सर्वांना कळला. तरी ते फंक्शन सी भाषेच्या प्रमाणित आवृत्तीतून निघायला २०११ साल उजाडले. का? तर लक्षावधी जुने प्रोग्राम त्याच्यावर उभे होते. बाहेर कुणी वाईट वस्तू ठेवली तर आपण ती आणीत नाही. पण भाषेने स्वतः हाती दिलेली वस्तू परत घ्यायला तेवीस वर्षे लागतात.

ज्या वस्तूला बाहेर जायचा दरवाजा नाही, तिला आत घेताना दहादा विचार करावा, हे माझे दुसरे सूत्र. आणि दरवाजा अडविणाऱ्या गोष्टी कधी कधी मोठ्या विचित्र असतात. जावास्क्रिप्टमध्ये यादीच्या आतल्या याद्या उलगडून एक सपाट यादी करणारे फंक्शन आणायचे ठरले. स्वाभाविक नाव 'फ्लॅटन'. पण मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीने ते नाव आधीच स्वतःसाठी घेतलेले होते. २०१८ साली चाचणीदाखल नवे फंक्शन ब्राउझरमध्ये घालताच त्या लायब्ररीवर चालणारे एक संकेतस्थळ बिघडले. मोठी वादावादी झाली, आणि शेवटी २०१९ च्या आवृत्तीत ते आले 'फ्लॅट' या नावाने. नाव हीसुद्धा जागाच आहे, आणि ती सार्वजनिक जागा आहे. भाषेने एक नाव घेतले की सर्वांच्या वाट्याचे एक नाव कमी होते.

याचा अनुभव तर मी स्वतः घेतला आहे. पायथनमध्ये बेरीज करणाऱ्या अंगभूत फंक्शनचे नाव 'सम'. मी माझ्या पहिल्याच प्रोग्राममध्ये बेरीज ठेवायच्या जागेला नाव दिले 'सम'. बिचारे नाव सहज सुचणारे! चार ओळींनी खऱ्या 'सम'ला हाक मारली, तर उत्तर आले की ही संख्या आहे, हिला कामाला लावता येत नाही. मी माझ्याच हाताने डब्यातल्या वाटीवर दुसरी वाटी पालथी घातली होती. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी हे केले आहे. तेव्हा 'जागेला काय तोटा?' हा युक्तिवाद फसवा आहे. तोटा संगणकाच्या जागेचा नाही. माणसाच्या ध्यानात राहण्याचा आहे. सत्तर नावे लक्षात राहतात, सात हजार राहत नाहीत.

डब्यातली वाटी बाहेर काढण्याचे धाडस फार थोड्या भाषांनी केले. पायथनने ते एकदा केले, आणि ती हकीकत मला सर्वांत बोधप्रद वाटते. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली ही भाषा प्रसिद्ध केली. १९९४ च्या आवृत्तीपासून तिच्या डब्यात 'रिड्यूस' नावाचे फंक्शन होते. यादीतल्या पहिल्या दोन वस्तूंवर एखादी क्रिया करायची, आलेल्या उत्तरावर आणि तिसऱ्या वस्तूवर तीच क्रिया, असे करीत शेवटी एक उत्तर काढायचे. मोठे समर्थ साधन! बेरीज, गुणाकार, सर्वांत मोठी संख्या, काय वाटेल ते त्याने काढता येते. तज्ज्ञ त्याच्यावर फिदा. पण २००५ साली व्हान रॉसम यांनीच लिहिले, की बेरीज-गुणाकार सोडून दुसऱ्या कशासाठी कुणी हे वापरलेले दिसले, की काय चालले आहे ते कळायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागते. भाषेचा जनक असे म्हणतो, तेथे नवशिक्यांची काय कथा? बेरजेसाठी 'सम' हे वेगळे फंक्शन २००३ मध्येच आले होते. 'यातले एकतरी खरे आहे का' आणि 'सगळे खरे आहेत का' हे विचारणारी दोन साधी फंक्शने २००६ मध्ये आली. मग डिसेंबर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली, तिच्यात 'रिड्यूस' डब्यातून काढून फडताळात ठेवले गेले. फेकून दिले नाही. ज्याला हवे त्याने हात लांब करून घ्यावे.

येथे मला आजीची आठवण झाली. 'लागतो म्हणून का डब्यात घालायचा?' एखादी वस्तू किती समर्थ आहे, यावर तिची जागा ठरत नाही. मान वर न करता वापरता येते का, आणि दुसऱ्याने वापरलेली पाहून चटकन कळते का, यावर ठरते.

याउलट चालीची गोष्ट 'गो' या भाषेची. ही २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. घडविणारे रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन. मोठे कंजूष सुगृहस्थ! डब्यात पंधरा वाट्या, एक जास्त नाही. दोन पूर्णांकांतला लहान कोणता, हे सांगणारे फंक्शनसुद्धा नाही. प्रत्येकाने आपापले तीन-चार ओळींचे लिहावे. लोकांनी वर्षानुवर्षे लिहिले. कुरकुर केली, पण लिहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये १.२१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात 'मिन' व 'मॅक्स' डब्यात दाखल झाली. म्हणजे चौदा वर्षे उमेदवारी केल्यावर! त्याच वेळी याद्या क्रमाने लावण्याची, त्यांत शोध घेण्याची साधने मात्र फडताळात ठेवली गेली. हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. लहान-मोठे ठरविणे हे प्रत्येक प्रोग्रामात, आकडेमोडीच्या ऐन मध्यात लागते. यादी लावणे हे बसून करायचे काम आहे. आणि जुन्या प्रोग्रामांत लोकांनी स्वतःचे 'मिन' लिहिले होते, तेही बंद पडले नाही. कारण ही नावे त्या भाषेत राखीव नाहीत, ज्याने स्वतःचे लिहिले त्याचे चालते. चौदा वर्षे फार झाली, असे मलाही वाटते. पण उशिरा आलेली वस्तू लोक विसरतात, चुकीची आलेली वस्तू विसरू म्हटले तरी विसरता येत नाही.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येतो. इतके वाचल्यावर मी माझ्यापुरत्या तीन कसोट्या ठरविल्या. पहिली : हे काम सर्व प्रकारच्या प्रोग्रामांत लागते का? दुसरी : स्वतः लिहिताना माणूस हमखास चुकतो का? तिसरी : त्या कामाचा अर्थ एकच आहे का, की त्यावर जाणत्यांतच मतभेद आहेत? तिन्ही कसोट्यांना उतरेल ते डब्यात. एखादीलाच उतरेल ते फडताळात.

मराठी वर्णक्रमाला या कसोट्या लावून पाहू. दुसरीला तो उतरतो. मीच त्याचा पुरावा. पहिलीला उतरत नाही, हे कष्टाने का होईना पण मान्य केले पाहिजे. आणि तिसरी? येथेच माझा राग विरघळला. ळ चा प्रश्न सोपा होता. पण दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो आणि विचारले, "सर, क्ष कुठे लावायचा?" सर म्हणाले, "वर्णमालेत शेवटी शिकवतात तसा शेवटी." शेजारी बसलेल्या दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "का म्हणून? ते जोडाक्षर आहे. क मध्येच हवं." ग्रंथालयात जाऊन कोश काढले, तर कोशांतही एकमत नाही. अर्धा तास वाद झाला, चहा झाला, निर्णय झाला नाही. ज्या प्रश्नावर आमच्या विभागाच्या खोलीत एकमत होत नाही, त्याचे उत्तर दूर देशीच्या कुणी भाषेत कायमचे कोरून ठेवावे, अशी मागणी मी कोणत्या तोंडाने करीत होतो?

अक्षरे मोजण्याचेही तसेच. 'क्षत्रिय' हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो. पायथनच्या 'लेन' या अंगभूत फंक्शनला विचारा, ते म्हणते आठ. कारण ते क, हलन्ताचे चिन्ह, ष, असे सुटे घटक मोजते. जुन्या दुसऱ्या आवृत्तीत तर सामान्यतः चोवीस असे उत्तर येई, कारण ती संगणकाच्या आतले बाइट मोजी. चोवीसवरून आठवर आलो. तीनवर का नाही? तर 'वाचकाला दिसणारे एक अक्षर' कशाला म्हणायचे, याची युनिकोडची व्याख्याच बदलत आली आहे. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरावे, असा नियम तिच्या मुख्य व्याख्येत आला तो २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत. तोवर त्याच शब्दाची पाच अक्षरे होत होती. म्हणजे हे काम डब्यात असते, तर एकाच प्रोग्रामाने २०२२ मध्ये पाच आणि नंतर तीन सांगितले असते. बदलत्या वस्तूची जागा फडताळात, जेथे बरणीवर तारखेची चिठ्ठी लावता येते.

याचा अर्थ डबा निःपक्षपाती असतो, असे मी म्हणत नाही. 'सर्वांना लागते' असे म्हणताना 'सर्व' म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. ज्या काळी हे डबे प्रथम भरले गेले त्या काळी खोलीत बसलेली माणसे इंग्रजीत लिहीत होती, आणि १९६३ साली ठरलेल्या अ‍ॅस्की या संकेतात १२८ जागा होत्या, त्यांत आपल्या लिपीला एकही नव्हती. हे विसरता येत नाही. परंतु एक गंमत सांगतो. तेच 'सॉर्टेड' इंग्रजी शब्दसुद्धा कोशाप्रमाणे लावीत नाही. मोठ्या लिपीतला झेड ते लहान लिपीतल्या ए च्या आधी ठेवते. म्हणजे त्याने आपल्यावर अन्याय करून इंग्रजीवर माया केली, असेही नाही. ते क्रमांक लावते, आणि तेवढेच वचन देते. चूक माझी, की मी त्याला कोशकार समजलो.

आणि दुसरी गंमत याहून गोड आहे. पायथनच्या डब्यात अक्षरांतून संख्या काढणारे 'इंट' हे फंक्शन आहे. त्याला आपले देवनागरी १२३ द्या. ते विनातक्रार एकशे तेवीस असे घेते. कोणतीही लायब्ररी नको, काही नको. का? तर २ या चिन्हाचे मूल्य दोन, याबद्दल जगात कुणाचा वाद नाही. जेथे अर्थ एक होता तेथे आपली लिपी डब्यात जाऊन बसली. जेथे आपल्यातच मतभेद आहेत तेथे ती बाहेर उभी आहे. माझ्या तिसऱ्या कसोटीला यापरता पुरावा कोणता हवा?

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. डबा लहान असावा, पण कंजूष नसावा. रोजचे, चुकीला वाव देणारे, एकाच अर्थाचे जे काम असेल ते भाषेने घ्यावे आणि लवकर घ्यावे. पंचवीस वर्षे लावू नयेत. जे समर्थ आहे पण समजायला कठीण, जे उपयोगी आहे पण काहींनाच, जे महत्त्वाचे आहे पण वादग्रस्त, त्यासाठी चांगले, नीट चिठ्ठ्या लावलेले फडताळ असावे. आणि फडताळातली वस्तू म्हणजे दुय्यम वस्तू, हा गैरसमज सोडावा. निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम सांभाळणाऱ्या लायब्रऱ्या आहेत; त्या लिहिणाऱ्यांना प्रत्येक भाषेचे नियम कुणीतरी जाणत्याने सांगावे लागतात. आपली भाषा बोलणाऱ्यांनी ते सांगितले नाहीत, तर दुसरे कुणीतरी अंदाजाने लिहील.

माझ्या प्राध्यापक मंडळींना आणि मित्रांना एक विनंती करून थांबतो. हे निर्णय बंद दाराआड होत नाहीत. पायथनमध्ये बदल सुचवायचा तर लेखी प्रस्ताव मांडावा लागतो, त्यावर उघड चर्चा होते. २०१८ मध्ये व्हान रॉसम निर्णयाच्या गादीवरून उतरले, आणि २०१९ पासून निवडून आलेले पाच जणांचे मंडळ अखेरचा निर्णय देते. तेथे जी माणसे बोलतात त्यांत 'अक्षर म्हणजे काय' हे आयुष्यभर शिकविलेली माणसे फार थोडी असतात. ती माणसे आपल्या विभागात बसलेली आहेत.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती आम्ही यंदा काढीत आहोत. ळ आता ह च्या नंतर येतो. त्यासाठी मी तीसएक ओळींचे फंक्शन लिहिले आहे, ते विभागाच्या संगणकावर ठेवले आहे. ज्याला हवे त्याने घ्यावे, चुका दाखवाव्या. त्यात एक ओळ मात्र मी मोकळी सोडली आहे : क्ष कुठे? सर आणि मॅडम यांचे एकमत झाले, की भरून टाकीन.